हुकूम आणि पोहोच : दूरची कळ व साक्षीचा दिवा यांची कथा

माणसाचा देह साडेतीन हातांचा. पण त्याची हुकमत तेवढ्यांत कधींच मावली नाहीं. एका जागीं बसून दूरचें काम करावें ही हांव फार जुनी आहे, आणि गेल्या दीडदोनशें वर्षांत आधीं लोखंडी तारेनें व पुढें विजेनें ती बरीचशी पुरविली. परंतु माणसाचा हात ज्या दिवशीं असा दूरवर पोहोंचला, त्याच दिवशीं त्याच्यापुढें एक नवी अडचण उभी राहिली. हातानें केलेलें काम डोळ्यांना दिसेनासें झालें. कळ येथें दाबली, काम तिकडे. तें झालें कीं नाहीं हें सांगणार कोण? या प्रश्नाचें उत्तर म्हणून कळेच्या शेजारीं एक लहानसा दिवा आला. त्या दिव्याची तार कोठें जोडावी, हा प्रश्न वरवर पाहतां वायरमनचा आहे. परंतु त्याच्या उत्तरावर आगगाडींतील उतारूंचे प्राण आणि एका प्रचंड वीजकेंद्राचें भवितव्य कसें अवलंबून राहिलें, हा इतिहास सर्वांनींच जाणून घेण्यासारखा आहे.

मनिऑर्डरच्या काळीं मुंबईचा गिरणीकामगार कोंकणांतल्या आपल्या घरीं पैसे पाठवी, तेव्हां पोस्टांत रक्कम भरल्याबरोबर त्याला एक पावती मिळे. पण तेवढ्यानें त्याचें समाधान होत नसे. कांहीं दिवसांनीं घरच्या माणसाच्या सहीची किंवा अंगठ्याची पोहोच हातीं येई, तेव्हां कोठें त्याचा जीव भांड्यांत पडे. पावती हा पैसे निघाल्याचा पुरावा. पोहोच हा पैसे मिळाल्याचा पुरावा. अक्षरशत्रु कामगारालाही कळणारा हा भेद मोठमोठ्या यंत्रांच्या रचनाकारांच्या हातून मात्र अनेकदां निसटला.

प्रथम आजच्या व्यवहारांतील एक साधें उदाहरण घ्यावें. मोठ्या नाट्यगृहांत मायक्रोफोनचे आवाज एकत्र करणारा मिक्सर, त्या आवाजावर संस्कार करणारीं यंत्रें, आणि अखेर कर्ण्यांना शक्ति पुरविणारे अँप्लिफायर अशी एक साखळी असते. या सर्वांना एकाच क्षणीं वीज दिली तर दोन अनर्थ संभवतात. एक असा कीं, वीज मिळतांच मोठे अँप्लिफायर क्षणभर नेहमींपेक्षां कित्येक पट अधिक प्रवाह ओढतात. ती ओढ एकदम आली म्हणजे मुख्य फ्यूज जातो. दुसरा असा कीं, मिक्सर सुरू होतांना जो लहानसा विद्युत् धक्का देतो, तो आधींच जाग्या असलेल्या अँप्लिफायरांतून अनेक पट वाढून कर्ण्यांवर आदळतो. सभागृहांत 'धप्प' असा आवाज होतो आणि प्रसंगीं कर्ण्याचा पडदा कायमचा निकामी होतो. म्हणून क्रम ठरलेला आहे : मिक्सर आधीं, अँप्लिफायर सर्वांच्या शेवटीं, बंद करतांना नेमकें उलट. हा क्रम कोणाच्या स्मरणावर न सोंपवितां, कांहीं सेकंदांच्या अंतरानें एकेका शाखेला वीज सोडणारी एक पेटी रंगमंचामागें बसवितात. तिला क्रमनियामक म्हणावें. तिची कळ व साक्षीचे दिवे मात्र दूर, दाराजवळ किंवा ध्वनिचालकाच्या मेजावर असतात.

या पेटीपासून कळेपर्यंत ज्या तारा जातात, त्यांतून घरगुती २३० व्होल्टांची वीज नेण्याचें कारण नसतें. त्यांत अल्प दाबाचा क्षीण प्रवाह असतो, आणि त्याचें काम इतकेंच कीं पेटींतील रिलेला इशारा द्यावा. भारी प्रवाह पेटींतच राहतो. इशारा तेवढा प्रवास करतो. इथवर सारें सोपें आहे. खरा प्रश्न दिव्याचा.

दिव्याची तार तीन ठिकाणीं जोडतां येते. ती कळेलाच जोडली, तर दिवा इतकेंच सांगतो कीं कळ दाबलेली आहे. ती रिलेच्या वेटोळ्याला जोडली, तर दिवा सांगतो कीं हुकूम पेटीपर्यंत पोहोंचला. ती शेवटच्या शाखेच्याही पलीकडे, जेथें अँप्लिफायरला प्रत्यक्ष वीज मिळते तेथें जोडली, तर दिवा सांगतो कीं काम झालें. पाहणाऱ्याला तिन्ही दिवे सारखेच दिसतात. त्यांतला पहिला सर्वांत स्वस्त, कारण त्याला नवी तार लागत नाहीं. तिसरा सर्वांत महाग, कारण पोहोच आणणारी वेगळी तार दारापर्यंत परत ओढावी लागते. यापुढील सर्व इतिहास या एका परतीच्या तारेचा आहे.

दूरच्या कामाचा क्रम यंत्राकडून पाळवून घेण्याची विद्या प्रथम रेल्वेनें शिकविली. रूळ जेथें दुभंगतात तेथें सांधा असतो, आणि तो फिरविणारा सांधेवाला पूर्वी त्या जागीं जाऊन उभा राही. पुढें सांध्यांचे व सिग्नलांचे खटके एका उंच केबिनमध्यें एकत्र आणले गेले आणि तेथून दांडे व तारा शेंकडों हात लांब धांवूं लागल्या. १८५६ सालीं इंग्लंडांत जॉन सॅक्सबी यानें सांधे व सिग्नल एकत्र चालविण्याच्या योजनेचें पेटंट घेतलें, आणि लवकरच या योजनेला परस्परबंधनाचें रूप आलें. सांधा योग्य दिशेला बसल्याशिवाय सिग्नलचा खटका हलूंच नये, आणि सिग्नल उतरलेला असतांना सांधा हलूं नये, अशी ही लोखंडी शिस्त होती. आजच्या क्रमनियामक पेटीची ती पणजी म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु या शिस्तींत एक छिद्र राहून गेलें होतें. खटके एकमेकांशीं बांधलेले होते. दूर टोंकाला असलेला सिग्नलचा हात खटक्याचें ऐकतो कीं नाहीं, हें खटक्याला ठाऊक नव्हतें. हें छिद्र २१ जानेवारी १८७६ रोजीं ॲबट्स रिप्टन येथें उघडें पडलें.

लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेवर त्या दिवशीं हिमवादळ घोंघावत होतें. त्या काळच्या पद्धतीप्रमाणें या मार्गावर सिग्नल एरवीं 'मार्ग मोकळा' असेच ठेवलेले असत. गाडी अडवावयाची असेल तेव्हां ते 'धोका' दाखवीत. हात मोकळ्या स्थितींत खांबाच्या खांचेंत उतरून बसे. त्या दिवशीं ओलें बर्फ खांचेंत दाटून गोठलें आणि तारांवरही थिजून बसलें. स्कॉटलंडहून येणाऱ्या जलद गाडीला वाट द्यावी म्हणून कोळशाची एक मालगाडी आडमार्गावर घ्यावयाची होती. केबिनमधील माणसानें नियमाप्रमाणें खटका 'धोका' या स्थितीवर ओढला. खटका त्याच्या हातांत पूर्ण फिरला. दूरचा हात मात्र बर्फानें जखडून 'मार्ग मोकळा' असेंच सांगत राहिला. मालगाडी थांबावयाच्या स्टेशनांतून पुढें निघून गेली. ॲबट्स रिप्टनला ती मागें हटवून आडमार्गावर घेण्याचें काम चालू असतांना जलद गाडी भरधांव येऊन तिच्यावर आदळली. तिच्या चालकालाही वाटेंत सर्व सिग्नल मोकळेच दिसले होते. थोड्या वेळानें विरुद्ध दिशेनें आलेली दुसरी जलद गाडी त्याच ढिगाऱ्यांत घुसली. अनेक उतारू प्राणांस मुकले.

या अपघातांत खटक्याशीं बसलेल्या माणसाच्या हुकमांत कसूर नव्हती. हुकमाची पोहोच आणणारी सोयच नव्हती. चौकशीनंतर जे बदल झाले, त्यांत दोन विशेष महत्त्वाचे. सिग्नलची नेहमींची स्थिति 'मोकळा' ऐवजीं 'धोका' अशी ठरली, म्हणजे यंत्र जखडलें तर गाडी थांबेल. आणि हात खांबाच्या खांचेंत न शिरतां बाहेर, मध्यावर तोललेला असा बनविला गेला, म्हणजे बर्फाला धरावयास जागा उरली नाहीं. पुढें केबिनमधून जे सिग्नल दिसत नसत, त्यांच्यासाठीं विजेचे साक्षीदार बसविण्याची चाल पसरली. केबिनमधील एका लहान पेटींत एक चिमुकला हात असे. तो खटक्याला जोडलेला नसे. दूरच्या खऱ्या हाताच्याच सांध्यावर बसविलेल्या विद्युत्-संपर्कावर तो चाले. खरा हात हलला तर हा हले. तो अडकला तर हाही अडके.

रात्रीची अडचण आणखी निराळी. सिग्नलच्या दिव्याला मागच्या बाजूला एक बारीक भोंक ठेवलेलें असे. त्यांतून येणारा किरण पाहून केबिनमधील माणूस ज्योत जळत असल्याची खात्री करून घेई. दिवा नजरेपलीकडे असेल तेथें ज्योतीच्या वर धातूची एक पट्टी बसवीत. उष्णतेनें ती वांके व विजेचा संपर्क राखी. ज्योत विझली कीं पट्टी निवून सरळ होई आणि केबिनमध्यें 'दिवा विझला' अशी वर्दी उमटे. दिव्यावर पहारा ठेवणारा हा दुसरा दिवाच होय.

हें सारें घडण्यास ज्या लहानशा उपकरणाची मदत झाली, त्याचें नांव रिले. अमेरिकेंतील पदार्थविज्ञानाचा अध्यापक जोसेफ हेन्री यानें प्रिन्स्टन येथें १८३५ च्या सुमारास क्षीण प्रवाहाकडून बलवान् प्रवाहाची कळ उघडझांप करवून दाखविली. लांब तारेंतून येणारा दुबळा प्रवाह एका विद्युच्चुंबकाला जागें करतो, चुंबक लोखंडी पट्टी ओढतो, आणि ती पट्टी दुसऱ्या, मोठ्या प्रवाहाचें दार उघडते. तारायंत्रापासून आजच्या क्रमनियामकापर्यंत सर्वांच्या पोटांत हीच युक्ति आहे. पण तिच्या स्वभावांत एक फसगत दडलेली आहे. चुंबक जागा झाला म्हणजे पट्टी ओढली गेलीच असें नाहीं; पट्टी ओढली गेली म्हणजे पलीकडचें यंत्र चाललेंच असेंही नाहीं. प्रत्येक पायरीवर हुकूम पुढें जातो, आणि प्रत्येक पायरीवर तो हरवूं शकतो.

१८७२ सालीं विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकानें या स्वभावाचाच उपयोग करून घेतला. त्यानें रुळांच्या एका तुकड्यांतून सतत क्षीण प्रवाह खेळवत ठेवला आणि त्या प्रवाहानें दुसऱ्या टोंकाचा रिले जागा राखला. गाडी त्या तुकड्यावर आली कीं तिच्या चाकांतून प्रवाह आडवाटेनें निघून जाई. रिले निजे आणि सिग्नल 'धोका' दाखवी. बॅटरी संपली, तार तुटली किंवा रूळ भंगला तरी परिणाम हाच : रिले निजे व गाडी थांबे. येथें शांततेचा अर्थ 'धोका' असा लावलेला होता. 'सर्व ठीक' हें सांगण्यासाठीं प्रवाहाला सतत जागें राहावें लागे. १९२८ सालीं मुंबईंत व्हिक्टोरिया टर्मिनस ते भायखळा या टप्प्यांत स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल आले, तेव्हां या विचाराचें फळ मुंबईकरांच्या रोजच्या वाटेवर येऊन उभें राहिलें.

विजेचा क्रम हा रेल्वेच्या क्रमाहून नाजूक असतो, हें पुढें नभोवाणीनें शिकविलें. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबई केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें. तेथील प्रक्षेपक दीड किलोवॅटचा होता. त्या युगांतील सर्वच प्रक्षेपकांचा जीव काचेच्या व्हॉल्व्हांत असे. अशा व्हॉल्व्हांतील तंतु आधीं तापला पाहिजे, मगच त्याच्या पट्टीला हजारों व्होल्टांचा दाब द्यावयाचा. विशेषतः पाऱ्याच्या वाफेच्या व्हॉल्व्हांना लहान आकारांतसुद्धां निदान अर्धा मिनिट आधीं तापवावें लागे. मोठ्यांना याहून अधिक. घाई केली तर तंतूवरील लेप झडून व्हॉल्व्ह क्षणांत निकामी होई. मोठ्या प्रक्षेपकांत व्हॉल्व्ह थंड ठेवण्यास पाणी खेळवीत. म्हणून क्रम असा : आधीं पाणी, मग तंतु, मग ठरावीक वेळ थांबणें, आणि शेवटीं उच्च दाब. बंद करतांना आधीं उच्च दाब जाई, मग तंतु, आणि पाणी कांहीं वेळ चालूच राही.

या यंत्रांच्या रचनाकारांनीं क्रम राखण्यासाठीं निव्वळ घड्याळावर भिस्त ठेवली नाहीं. पाण्याचा पंप सुरू आहे, एवढ्यावर तंतूला परवानगी मिळत नसे. नळींतच एक लहान पंखा किंवा पडदा बसवीत. वाहत्या पाण्यानें तो ढकलला गेला म्हणजे विजेचा संपर्क जुळे, आणि तो संपर्कच पुढच्या पायरीचें दार उघडी. पंप फिरत आहे पण नळी तुंबली आहे, असा प्रसंग आला तर पंपाचा दिवा लागे आणि पाण्याचा दिवा लागत नसे. चालकाच्या मेजावर दिव्यांची रांग एकामागून एक उजळत जाई. ती जेथें थांबे, तेथें दोष. प्रक्षेपणापूर्वीं श्रोत्यांना दोन क्षणांची शांतता ऐकूं येई, तिच्या मागें ही सारी हजेरी होऊन गेलेली असे.

गणकयंत्रांच्या काळांत हा वारसा सर्वत्र सारखा उतरला नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीच्या यंत्रांच्या कपाटांत वीज नियंत्रित करणारी पेटी असे, आणि एका कपाटापासून दुसऱ्यापर्यंत तीन तारांची एक दोरी जाई. पहिली तार तिसरीशीं जोडली कीं वीज सुरू. दुसरी तिसरीशीं जोडली गेली कीं, कोणीं कांहींही म्हटलें असलें तरी, वीज बंद. उष्णता वाढली तर तापमानाची कळ आपण होऊन ही दुसरी तार जोडी. योजना सुटसुटीत, आणि तींत निषेधाला आज्ञेहून वरचें स्थान दिलेलें, हें तिचें शहाणपण. पण तीन तारांत एक आज्ञेची, एक निषेधाची व एक सामाईक. पोहोच आणणारी चौथी तार त्यांत नव्हती. शेजारच्या कपाटाला खरोखर वीज मिळाली कीं नाहीं, हें तेथें जाऊनच पाहावें लागे. एका खोलींतल्या कपाटांना हें चालून जातें. जेथें माणसाला आंत डोकावतांच येत नाहीं, तेथें चालत नाहीं.

अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया राज्यांत सस्क्वेहॅना नदीच्या एका बेटावर थ्री माइल आयलंड नांवाचें अणुवीजकेंद्र होतें. त्याच्या दुसऱ्या भट्टीचा दाब मर्यादेबाहेर गेला तर तो कमी करण्यासाठीं एक झडप होती. तिला विद्युच्चुंबक चालवी : प्रवाह दिला कीं झडप उघडावी, प्रवाह काढला कीं मिटावी. १९७८ च्या मार्चमध्यें, भट्टी व्यापारी उत्पादनास लागण्यापूर्वीं, ही झडप एकदां उघडी राहिली आणि चालकांना तें समजण्यास कांहीं साधन नाहीं असें आढळलें. म्हणून चालकांच्या फलकावर एक दिवा नव्यानें बसविण्यांत आला. झडप भट्टीच्या बंदिस्त इमारतींत होती. तिच्या अंगावर स्थितिदर्शक बसवून तेथून तार आणण्याऐवजीं हा दिवा विद्युच्चुंबकाला जाणाऱ्या प्रवाहालाच जोडला गेला. प्रवाह आहे तोंवर दिवा जळे. प्रवाह थांबला कीं दिवा विझे. थोडक्यांत, झडपेला काय सांगितलें गेलें हें तो दाखवी. झडपेनें काय केलें हें दाखवीत नसे.

२८ मार्च १९७९ रोजीं पहाटे चारच्या सुमारास त्या केंद्रांतील वाफयंत्रांना पाणी पुरविणारे पंप बंद पडले. टर्बाइन थांबलें, भट्टींतील दाब चढला, आणि झडप उघडली. यथाक्रम भट्टीही आपोआप बंद झाली. दाब उतरला, तेव्हां झडपेचा प्रवाह थांबला आणि फलकावरील दिवा विझला. चालकांनीं त्याचा अर्थ झडप मिटली असा घेतला. ती मिटली नव्हती. त्या उघड्या वाटेनें भट्टीला थंड ठेवणारें पाणी बाहेर जाऊं लागलें.

संकटांतील पंपांनीं आपोआप सुरू होऊन वाफयंत्रांना पाणी द्यावयाचें होतें. पंप सुरूही झाले. पण त्यांच्या वाटेवरच्या दोन झडपा बंद राहून गेल्या होत्या. त्या बंद असल्याचें सांगणारे दिवे फलकावर होते, परंतु त्यांतील एकावर दुरुस्तीची पिवळी चिठ्ठी लोंबत होती. आठ मिनिटांनीं ही चूक ध्यानांत आली व त्या झडपा उघडल्या गेल्या. मोठा घात मात्र दुसरीकडे चालूच होता. पहिल्या कांहीं मिनिटांतच शंभराहून अधिक भयसूचना वाजूं व चमकूं लागल्या. त्यांची नोंद छापणारें यंत्र तासन्‌तास मागें पडलें. पाणी जिकडे वाहत होतें त्या नळीचें तापमान चढलेलें दिसत होतें, पण ती झडप आधींपासूनच थोडी गळत असे, आणि चढतें तापमान पाहण्याची संवय झालेली होती. दाब राखणाऱ्या पात्रांतील पातळी उंच दिसत होती. म्हणून भट्टी भरून वाहत आहे अशा समजुतीनें चालकांनीं जादा पाण्याचा पुरवठा उलट कमी केला.

सहा वाजून बावीस मिनिटांनीं, नवी पाळी येत असतां, त्या झडपेच्या वाटेवरील दुसरी झडप बंद करण्यांत आली. तोंवर दोन तास बावीस मिनिटें लोटलीं होतीं. भट्टीच्या गाभ्याचा सुमारें अर्धा भाग वितळला. हा वितळलेला गाभा प्रत्यक्ष कॅमेऱ्यानें पाहण्यास पुढें कित्येक वर्षें जावीं लागलीं, आणि सफाईचें काम १९९३ पर्यंत चाललें. जाड इमारतीनें बहुतेक सारें आंत कोंडून धरलें, म्हणून आसपासच्या वस्तीवर मोठी आपत्ति ओढवली नाहीं. पण व्यापारी उत्पादन सुरू होऊन तीन महिनेही न झालेली ती भट्टी पुन्हां कधीं वीज देऊं शकली नाहीं.

चालकांना दोष देणें सोपें होतें, आणि तो दिलाही गेला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीं नेमलेल्या चौकशी मंडळाचे अध्यक्ष जॉन केमेनी हे गणितज्ञ होते. गणकयंत्रांची 'बेसिक' ही सोपी भाषा थॉमस कर्ट्झ यांच्या साहाय्यानें त्यांनींच १९६४ सालीं तयार केली होती. त्यांच्या मंडळानें चालकांच्या चुका नोंदविल्या, परंतु त्यांना मिळालेलें अपुरें शिक्षण, गोंधळून टाकणारा फलक आणि पूर्वीच्या अनुभवाकडे झालेलें दुर्लक्ष यांवरही स्पष्ट बोट ठेवलें. पूर्वीचा अनुभव म्हणजे काय? २४ सप्टेंबर १९७७ रोजीं ओहायो राज्यांतील डेव्हिस-बेसी केंद्रांत अशीच झडप अशीच उघडी राहिली होती. तेथें भट्टी अगदीं मंद चालत होती आणि चालकांनीं सुमारें वीस मिनिटांत प्रकार ओळखला, म्हणून निभावलें. तो धडा दीड वर्षांत पेनसिल्व्हेनियापर्यंत पोहोंचला नाहीं.

या दिव्याची तुलना रॉबिन्सनच्या रुळांशीं करून पाहावी. रुळांवर प्रवाह नसणें म्हणजे धोका. या फलकावर दिवा नसणें म्हणजे निर्धास्तपणा. दिव्याचा तंतु तुटला असता, तार सुटली असती, चुंबक जळाला असता, तरी दिवा विझलेलाच दिसला असता आणि त्याचा अर्थ तोच घेतला गेला असता : 'झडप मिटली आहे.' ज्या साक्षीदाराच्या मौनाचे पांच अर्थ होतात, त्याच्या मौनावर निकाल देऊं नये, हें न्यायालयाला ठाऊक असतें. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वींच्या केबिनमधील ज्योतीवरची पट्टीही तेंच सांगत होती.

अपघातानंतर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगानें अशा झडपांची स्थिति प्रत्यक्ष दाखविणारी योजना आवश्यक ठरविली : एकतर झडपेवरच बसविलेल्या स्थितिदर्शकानें, नाहींतर तिच्या पलीकडील नळींतून प्रवाह वाहतो कीं नाहीं हें पाहून साक्ष द्यावी. नभोवाणीच्या प्रक्षेपकांतील नळींतला तो लहान पडदा अशा रीतीनें कायद्याच्या पुस्तकांत येऊन बसला. परतीच्या तारेचा खर्च आतां कोणालाही अवाजवी वाटेना.

मोठ्या कारखान्यांत यापुढची एक पायरीही रूढ आहे. एका दिव्याऐवजीं दोन ठेवतात : एक 'उघडें' म्हणणारा, एक 'मिटलें' म्हणणारा, आणि प्रत्येकाला वेगळा संपर्क. झडप मधल्या वाटेवर असेल तर दोन्ही जळतात. दोन्ही विझले तर साक्षीदारच मेला असें समजावें. शिवाय एक कळ अशी ठेवतात कीं ती दाबली म्हणजे फलकावरील सगळे दिवे एकदम जळावे, म्हणजे न जळणारा तंतु लगेच उघडकीस येतो. जुन्या मोठ्या गणकयंत्रांच्या फलकांवरही दिव्यांची अशी परीक्षा घेणारी कळ असे.

नाट्यगृहांतील क्रमनियामक पेटीला अणुभट्टीचें गांभीर्य नाहीं. तेथें चूक झाली तर एखादा कर्णा जाईल किंवा नाटकाचा पहिला अंक मुका सुरू होईल. तरीही तारजोडणीचा न्याय तोच. कळेची तार पेटीच्या पहिल्या पायरीला जाते. दिव्याची तार शेवटच्या पायरीच्या पलीकडून यावी. क्रम चालू असतां पिवळा दिवा आणि क्रम पुरा झाल्यावर हिरवा, असे दोन ठेवले तर मधल्या कांहीं सेकंदांत कोणी उतावळेपणानें कळ पुन्हां दाबीत नाहीं. अल्प दाबाच्या या तारा मुख्य विजेच्या नळींतून नेऊं नयेत. आणि दिव्याखालीं जें नांव लिहावयाचें, तें तो खरोखर जें सांगतो तेंच असावें : कळेला जोडलेला असेल तर 'कळ दाबली', यंत्राला जोडलेला असेल तर 'यंत्र चालू'. थ्री माइल आयलंडच्या फलकावरील दिव्याचा अर्थ 'झडपेला प्रवाह दिला आहे' असाच त्या पहाटे घेतला गेला असता, तर दिवा विझल्यावर झडप मिटली कीं नाहीं हें दुसऱ्या कशावरून तरी पडताळण्याची आठवण चालकांना झाली असती. नवी इमारत, नवा पंप किंवा नवी पाळणायंत्रणा ताब्यांत घेतांना गृहस्थानें वायरमनला एवढेंच विचारावें, "ही कळ दाबून, पलीकडची तार मुद्दाम सोडून ठेवली, तर हा दिवा लागेल काय?" उत्तर 'होय' असें आलें, तर तो दिवा पावतीचा आहे, पोहोच अजून यावयाची आहे.